निवडणारे जाळे

इसवी सन १३७६ मध्ये इंग्लंडात तिसरा एडवर्ड राज्य करीत असताना तेथील पार्लमेंटपुढे एक अर्ज आला. किनाऱ्यावरच्या लोकांची तक्रार अशी होती की, अलीकडे समुद्राच्या तळावरून घासत ओढावयाचे एक नवीन जाळे निघाले आहे. त्याचे आस इतके बारीक आहेत की आत शिरलेले लहानातले लहान पिलूही पुन्हा बाहेर पडत नाही. आणि असे बारके मासे इतके येतात की त्यांचे काय करावे हे न सुचून लोक ते डुकरांना चारतात. हे जाळे बंद करावे, अशी अर्जदारांची विनंती होती.

ह्या गोष्टीला आता साडेसहाशे वर्षे होत आली. डुकरांच्या जागी कोंबड्यांचे खाद्य व शेतातले खत आले आहे, वल्ह्याशिडांच्या जागी डिझेलचे इंजिन आले आहे. तक्रार मात्र जुनीच आहे. रत्नागिरीपासून मालवणपर्यंत कोणत्याही बंदरावर पहाटे जाऊन उभे राहावे. ट्रॉलरमधून उतरणाऱ्या टोपल्यांत कोळंबी वेगळी, म्हाकूल वेगळे, पापलेट वेगळे केलेले दिसते. परंतु शेवटी फावड्याने ओढावी लागणारी एक मिसळण उरते. तिच्यात बोटाएवढे बोंबील असतात, रुपयाएवढी पापलेटे असतात, खेकड्यांची पिले असतात. त्यांना नाव नसते आणि भावही जवळजवळ नसतो.

येथे संध्याकाळी जमलेल्या मंडळींपैकी बहुतेकांचा समुद्राशी संबंध ताटापुरताच येत असेल. तरीही हा विषय आम्ही आपल्यापुढे मांडावयास घेतला आहे, कारण जाळ्याला निवड करावयास शिकविण्याचे जे प्रयत्न गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत जगात झाले, त्यांत यंत्रविद्येइतकाच माणसाच्या स्वभावाचाही अभ्यास आहे. आणि ज्या माशाचा प्रश्न आहे, तो शेवटी आपल्याच बाजारात येतो.

प्रथम प्रश्नाचे मोजमाप पाहू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे, जगातील समुद्री मासेमारीत दर वर्षी सुमारे ९१ लाख टन मासे पकडून पुन्हा समुद्रात फेकून दिले जातात. एकूण पकडीच्या सुमारे अकरा टक्के इतके हे प्रमाण आहे. त्यांतील जवळजवळ निम्मा वाटा तळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यांचा आहे. फेकलेल्या माशांतले बहुतेक मेलेले किंवा मरणाच्या पंथाला लागलेले असतात. आपल्याकडे फेकण्याचे प्रमाण कमी आहे, कारण आपण बारीक मासाही खतासाठी विकून टाकतो. पण त्यामुळे पिलू वाचते असे नाही. फक्त त्याचे मरण हिशेबात वेगळ्या सदराखाली जाते.

आता हे जाळे काम कसे करते ते समजून घेऊ. ट्रॉलचे जाळे म्हणजे एक भली मोठी नरसाळ्यासारखी पिशवी. तिच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना दोन जड फळ्या बांधलेल्या असतात. वाऱ्यावर पतंग जसा तिरका उभा राहतो, तशा ह्या फळ्या पाण्याच्या रेट्याने एकमेकींपासून दूर सरकतात आणि पिशवीचे तोंड उघडे ठेवतात. वरच्या दोरीला तरंगणारे गोळे, खालच्या दोरीला साखळी किंवा वजने. बोट साधारण माणसाच्या चालीने पुढे जाते. तोंडासमोर आलेला मासा लगेच आत पडत नाही. तो जाळ्याच्या पुढे पुढे पोहत राहतो, दमतो, आणि दमला की मागे पडतो. मागे पिशवी निमुळती होत जाते आणि तिच्या अगदी शेवटच्या भागात, ज्याला आपले कोळी बांधव खोला म्हणतात, त्यात सारी पकड साठते. लहानाला सोडावयाचे आणि मोठ्याला ठेवावयाचे हा सारा निवाडा व्हावयाचा तो ह्या खोल्यातच.

सामान्य माणूस म्हणेल की, मग खोल्याचे आस मोठे करावेत म्हणजे झाले. सरकारेही प्रथम असेच म्हणाली. पण येथे एक अडचण आहे, आणि ती कोणाही गृहिणीला सहज समजेल. भाजी आणावयाची दोऱ्याची जाळीदार पिशवी घरात खुंटीला टांगलेली असते तेव्हा तिची भोके चांगली रुंद दिसतात. तीच पिशवी दोन किलो बटाटे भरून हातात धरली की लांबट होते, दोरे जवळ येतात, आणि भोके जवळजवळ मिटतात. जाळ्याचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो. मागे खोल्यात वजन साठू लागले, पुढून बोटीची ओढ बसली, की शंकरपाळी लांबट होऊन मिटते. कागदावर आस चाळीस मिलिमीटरचा असला, तरी प्रत्यक्ष पाण्यात त्यातून करंगळीही जाणार नाही. जाळे चाळणीसारखे वागावे अशी आपली अपेक्षा असते. ते वागते मात्र बंद पिशवीसारखे.

ह्यावरचा उपाय इतका साधा आहे की तो लोकांच्या ध्यानात उशिरा आला ह्याचे नवल वाटते. खोल्यासाठी तेच जाळे घ्यावयाचे, पण थोडे फिरवून लावावयाचे, म्हणजे शंकरपाळ्याऐवजी खिडकीच्या गजांसारखा उभा-आडवा चौकोन होतो. मग ओढ बसते ती फक्त उभ्या दोऱ्यांवर; आडवे दोरे सैल राहतात, आणि चौकोन उघडा राहतो. बारका मासा त्यातून निघून जातो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात २०११ नंतर संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सागरी जैवविविधतेचा जो प्रकल्प चालला, त्यात ट्रॉलरवाल्यांमध्ये अशा चौकोनी आसाच्या खोल्यांचा प्रसार करण्यात आला; पुढे महाराष्ट्र शासनानेही ट्रॉलच्या खोल्याला चाळीस मिलिमीटरचा चौकोनी आस आवश्यक ठरविला.

परंतु एका उपायाने सर्व रोग बरे होत नाहीत, हे येथेही खरे आहे. ज्या माशाचे अंग गोलसर व लांबोडके, त्याला चौकोन सोयीचा. पापलेटासारखा चपटा व उभट मासा मात्र शंकरपाळ्याच्या फटीतूनच अधिक सहज निसटतो. उत्तरेकडच्या थंड समुद्रात जाळ्यात दोन-चार जातींचे मासे असतात. आपल्या उष्ण समुद्रात एका ओढीला डझनावारी जाती येतात, आणि प्रत्येकीचा आकार निराळा, पोहण्याची तऱ्हा निराळी. तेव्हा एकाच भोकाने सर्वांना न्याय मिळणे कठीण.

म्हणून संशोधकांचे लक्ष भोकांवरून दुसरीकडे वळले. मासे चाळून काढण्याऐवजी त्यांना वाट दाखवून वेगळे करता येईल काय, असा प्रश्न पुढे आला. ह्या प्रश्नाचे पहिले उत्तर प्रयोगशाळेतून आले नाही. ते दोन मच्छीमारांकडून आले, आणि दोघांनाही कासवांची किंवा पिलांची चिंता नव्हती. त्यांना त्रास होता जेलीफिशचा. हे बुळबुळीत गोळे जाळ्यात शिरले की जाळे जड होते आणि कोळंबीची नासाडी होते.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या डेरियन गावचा सिंकी बून हा कोळंबीचा धंदा करणारा मच्छीमार. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्याने जाळ्याच्या गळ्यात गजांची तिरकी चौकट बसविली. कोळंबी गजांमधून मागे खोल्यात जाते. जेलीफिश गजांवर आपटून वर सरकतो आणि तेथे ठेवलेल्या झरोक्यातून बाहेर पडतो. तिकडे नॉर्वेच्या किनाऱ्यावर नूरमोर भागात पॉल ब्राटॉय नावाच्या मच्छीमाराने ह्याच तत्त्वावर आपली जाळी केली. १९८९ च्या सुमारास नॉर्वेच्या शास्त्रज्ञांनी ती तपासून पाहिली तेव्हा जेलीफिशबरोबर कॉड व इतर माशांची पिलेही बाहेर जातात आणि कोळंबी मात्र फारशी कमी होत नाही, असे आढळले. तेथे गजांमधले अंतर फक्त एकोणीस मिलिमीटर ठेवतात. थोड्याच वर्षांत ही जाळी उत्तरेच्या कोळंबी मासेमारीत सक्तीची झाली.

बूनच्या चौकटीने निराळा इतिहास घडविला. समुद्री कासव फुप्फुसाने श्वास घेते. त्याला हवेसाठी वर यावे लागते. तास-दोन तास ओढल्या जाणाऱ्या जाळ्यात ते सापडले तर बुडून मरते. गजांत सुमारे दहा सेंटिमीटर अंतर ठेवले की कोळंबी आत आणि कासव बाहेर, असा चोख निवाडा होतो. अमेरिकन सरकारने १९८७ मध्ये ह्या चौकटीचे नियम केले. मच्छीमारांच्याच एका भाऊबंदाने काढलेली ही युक्ती. पण तीच सरकारी हुकूम होऊन आली तेव्हा मच्छीमार भडकले. १९८९ च्या जुलैत टेक्ससच्या किनाऱ्यावर त्यांनी बोटी आडव्या लावून बंदरांच्या वाटा अडविल्या. त्यांचे म्हणणे एवढेच होते की, झरोक्यातून कासवाबरोबर आमची कोळंबीही जाते. ती भरून कोण देणार?

त्याच वर्षी अमेरिकेने कायदा केला की, ज्या देशाच्या जाळ्यांत कासवांना वाट नाही त्या देशाची समुद्रात पकडलेली कोळंबी आम्ही घेणार नाही. येथे हा विषय आपल्या दारात येतो. भारत, पाकिस्तान, मलेशिया व थायलंड ह्या चार देशांनी जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. १९९८ च्या निर्णयात कासवे वाचविण्याचा हेतू योग्य मानला गेला, पण कायदा राबविण्याची पद्धत पक्षपाती ठरली. पुढे अमेरिकेने पद्धत सुधारली आणि कायदा राहिला. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या जाळ्यांना बसेल अशी चौकट तयार केली होती. परंतु बोटींवर ती सर्रास लागली नाही, आणि २०१९ मध्ये अमेरिकेने भारताच्या समुद्रातली कोळंबी घेणे थांबविले. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर गावकरी रात्री जागून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी सांभाळतात, पिले समुद्रात सोडण्याचा सोहळा करतात, आणि शहरांतून माणसे तो पाहावयास जातात. किनाऱ्यावर इतक्या मायेने सोडलेल्या जिवाला समुद्रात दहा सेंटिमीटरची वाट ठेवावयाची की नाही, एवढाच हा प्रश्न आहे.

गजांनंतर प्रकाशाची पाळी आली. आपल्याकडे एलईडी म्हटले की कोळीवाड्यात भांडण उभे राहते, आणि ते योग्यच आहे. कारण दिव्यांनी माशांचे थवे गोळा करून उपसण्याची पद्धत केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंद केली आहे. पण दिवा जसा बोलावतो तसा तो सावधही करतो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगॉन येथे कोळंबीच्या जाळ्यात युलाकॉन नावाचा दुर्मिळ होत चाललेला लहान मासा सापडत असे. २०१४ मध्ये तेथील संशोधकांनी जाळ्याच्या खालच्या दोरीला हिरवे छोटे दिवे बांधून पाहिले. युलाकॉनची पकड सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली. कोळंबी जवळजवळ तेवढीच राहिली. माशाला दोरी दिसली आणि तो तिच्याखालून निसटला. परंतु तेच दिवे मागे गजांच्या चौकटीजवळ बांधले तेव्हा युलाकॉनची पकड कमी न होता दुपटीवर गेली. साधन एकच, पण जागा चुकली आणि फळ उलटे आले. मासा काय पाहतो, कशाला भितो, कोठे वळतो, हे पाण्याखाली जाऊन पाहिल्याशिवाय किनाऱ्यावर बसून केलेला सुधार घातक ठरू शकतो, हा ह्या प्रयोगाचा धडा आहे.

सर्वांत धाडसी प्रयोग न्यूझीलंडचा. तेथे २०१२ पासून सरकार आणि मासेमारीतल्या तीन कंपन्या ह्यांनी मिळून सुमारे पाच कोटी न्यूझीलंड डॉलर खर्चाचा एक कार्यक्रम हाती घेतला. त्यांनी दोऱ्याचे जाळेच काढून टाकले. मागच्या भागात, खोल्याच्या जागी, त्यांनी मजबूत लवचिक पडद्याची एक लांब नळी बसविली आणि तिला ठरावीक मापाची भोके पाडली. ह्यात फरक काय पडला? साध्या जाळ्यात पाणी जोराने आरपार वाहते; मासा त्या वेगाशी झुंजतो, थकतो, दोऱ्यांवर दाबला जातो, त्याचे खवले निघतात. मग खोल्यातून निसटलेले पिलूही जखमी असते आणि पुष्कळदा वाचत नाही. नळीत पाणी जवळजवळ संथ असते. मासा आत स्वस्थ पोहतो, लहान मासा भोक शोधून धडधाकट बाहेर जातो, आणि हे सारे जाळे खोल पाण्यात असतानाच घडते. वर ओढताना नळीत पाणीही राहते, त्यामुळे मोठा मासा डेकवर जिवंत आणि न चेंगरलेला येतो. माओरी भाषेत सांभाळणे ह्या अर्थाचा ‘तियाकी’ हा शब्द ह्या पद्धतीने पकडलेल्या माशाला नाव म्हणून देण्यात आला. २०१८ मध्ये तेथील सरकारने खोल समुद्रातल्या काही माशांसाठी ही पद्धत वापरण्यास संमती दिली. येथे मच्छीमाराला मिळणारा मोबदला पाहण्यासारखा आहे: पिलू जाते, पण हाती राहिलेला मासा चांगल्या स्थितीत असतो, म्हणून त्याला भाव येतो.

मोबदल्याचा हाच विचार आपल्या कोचीच्या संस्थेनेही केला होता. तिने एक लंबगोल जाळी तयार केली. कोळंबी गजांतून खालच्या खोल्यात उतरते. मासा गजांवरून वरच्या दुसऱ्या खोल्यात जातो आणि तेथे मोठ्या चौकोनी आसांतून त्याची पिले निघून जातात. दोन खोल्यांत माल वेगळा होऊनच वर येतो. खलाशांचे निवडण्याचे श्रम वाचतात आणि माशांच्या भाराखाली कोळंबी चेंगरत नाही. २००५ मध्ये जागतिक पातळीवरच्या एका स्पर्धेत ह्या युक्तीला पारितोषिकही मिळाले. म्हणजे बुद्धीची उणीव आपल्याकडे नाही.

मग अडते कोठे? नाखव्याच्या जागी उभे राहून पाहिले तर उत्तर मिळते. डिझेल, बर्फ आणि खलाशांचा पगार ह्यांचे कर्ज डोक्यावर घेऊन तो निघतो. रिकाम्या टोपल्यांनी परतणे त्याला परवडत नाही. आज त्याने चौकोनी आस लावला आणि पिले सोडली, तर ती पिले वाढून उद्या त्याच्याच जाळ्यात येतील अशी हमी नाही. शेजारच्या बोटीला बारीक आसाचे जाळे असेल तर ती आजच संध्याकाळी तिला सापडतील. एकट्याने केलेला त्याग हा त्याग राहत नाही. ती शेजाऱ्याला दिलेली भेट होते. म्हणून चांगले जाळे एकट्याने वापरून चालत नाही. ते सर्वांनी एकाच दिवशी वापरावे लागते, आणि सर्वांनी वापरले आहे हे सर्वांना दिसावे लागते. जून व जुलै हे दोन महिने पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, ती बहुतांशी पाळली जाते. कारण बंदराला लागलेली बोट सर्वांना दिसते. खोल्याचा आस मात्र पाण्याखाली असतो.

महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला. २०२३ च्या सप्टेंबरात शासनाने चोपन्न जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली: पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८० मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. त्याहून लहान मासा पकडू नये, असा नियम झाला. त्याच महिन्यात पापलेटाला राज्यमाशाचा मानही मिळाला. नियम चांगला आहे. पण अंधाऱ्या पाण्यात जाळे पट्टी घेऊन बसलेले नसते. मापाहून लहान मासा डेकवर आला तेव्हा तो बहुधा मेलेलाच असतो. मग त्याला परत फेकून कायदा पाळला जाईल, मासा वाचणार नाही. किनाऱ्यावरची पट्टी आणि पाण्यातले जाळे ह्या दोहोंची जोडी जमली तरच अर्थ आहे. जाळ्यावाचून नियम पांगळा, आणि नियमावाचून जाळे कपाटातच राहते.

ह्या जोडीत तिसरा भागीदार आहे, आणि तो ह्या सभागृहात बसलेला आहे. मासळी बाजारात बारीक पापलेटाचा वाटा स्वस्त मिळतो म्हणून आपण तो घेतो. १३५ मिलिमीटर म्हणजे किती, हे लक्षात ठेवावयास पट्टी नको. आपल्या साध्या पोस्टकार्डाची लांबी चौदा सेंटिमीटर असते. पोस्टकार्डाहून आखूड पापलेट दिसले की समजावे, ज्या जाळ्यातून ते आले त्याला निवड करता येत नव्हती. अशा वेळी मासळी विकणाऱ्या मावशींशी वाद घालण्याचे कारण नाही. त्यांनी ते पकडलेले नाही. आपण ते न घेता मोठ्या मापाचे मागावे, आणि पैसे कमी असतील तर त्या दिवशी बांगडा घ्यावा. बारीक माशाला गिऱ्हाईक राहिले नाही, तर बारीक आसाला कारण राहणार नाही.

१३७६ च्या अर्जदारांना जाळे बंद करा, एवढेच मागता आले. कारण जाळे सुधारता येते हे त्यांना ठाऊक नव्हते. आपल्याला ते ठाऊक आहे. चौकोनी आस आहे, गजांची चौकट आहे, दिवा आहे, संथ पाण्याची नळी आहे. आणि ह्यांतील गजांची चौकट तर जेलीफिशला कंटाळलेल्या साध्या मच्छीमारांनी शोधली आहे. आमची सूचना एवढीच की, ह्यापुढे कोकणात जे प्रयोग होतील ते नाखव्यांच्या बोटींवर, त्यांच्याच हातांनी व्हावेत, आणि पहिल्या वर्षी झरोक्यातून जी कोळंबी जाईल तिची भरपाई सरकारने आधी ठरवून द्यावी. टेक्ससच्या मच्छीमारांनी विचारलेला प्रश्न रास्त होता. त्याला वेळेवर उत्तर मिळाले असते, तर बोटी आडव्या लागल्या नसत्या.